दम्याची गायकी

सन २०२३. माझं वय बाहत्तर. शाळेच्या दाखल्यावर तरी तेवढंच भरतं. मास्तरानं ते माझी उंची बघून टाकलं होतं, तेव्हा एखाद-दोन वर्षं इकडं-तिकडं धरून चला. मी तिसरीतून उठलो आणि मेंढरामागं गेलो. त्यामुळं या लिहिण्यात कुठं काना-वेलांटी सांडली असेल तर ज्याला टोचेल त्यानं उचलून घ्यावी.

चैत्रातली जत्रा तोंडावर आली होती आणि माझा साडू घरी आला. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि आमच्या गावच्या ओवी मंडळाचा म्होरक्या. चाळीस वर्षं आमचं सोयरपण चांगलं चाललेलं. लग्नकार्यात एका ताटात जेवायचो. फक्त गाण्याचं नाव निघालं की तो उठून चपला घालायचा, नाहीतर मी घालायचो. त्या दिवशी तो आपण होऊन आला, ओट्यावर टेकला, खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून दात काढले. वरची सगळी ओळ.

"हे बगा पाव्हणं," तो म्हणला. "जिंतूरला बसवले. बोलायला चालत्यात, भाकर खायाला चालत्यात. पर तोंड वासून सूर लावला की खाली येत्यात."

"मग मिटून गात जा," मी म्हणलं. "तसंबी तुमचं निम्मं गाणं मिटल्या तोंडाचंच हाय."

त्याला राग आला, पण गिळला. काम होतं ना. काम असं, की माळावरच्या आमच्या बिरोबाची पालखी उठायच्या आधी जी पहिली ओवी होते, तिचा मान आमच्या गावाचा. बापजाद्यांपासूनचा. आणि रिवाज असा, की ज्या साली आमच्या गावातून गाणारा उभा राहणार नाही, त्या सालापासून मान खालच्या गावाचा. म्हणजे गेला तो गेला. साडूचे दात गेले, त्याच्या मागं तयार केलेला गडी पुण्याला कंपनीत गेला. राहिलं कोण? ज्याला मंडळातून हाकललं होतं तो. म्हणजे मी.

खालच्या गावाचं गाणं तुम्ही ऐकलेलं नसेल तर देवाचे आभार माना. त्यांचा ढोल मोबाइलात भरलेला असतो. खरा ढोल शेजारी मांडून ठेवतात, फोटोपुरता. गाणाऱ्याच्या आवाजाला इको लावतात, मग एक जण खोकला की चौघं खोकल्यासारखं वाटतं. गाणारा डोळे मिटतो, मान हलवतो, छातीवर हात ठेवतो. टीव्हीवरच्या स्पर्धेत बघून शिकलेलं सगळं. फक्त गाणं तेवढं तिथं शिकवीत नसावेत.

"तुमी उभे राहा," साडू म्हणला. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय. फकत एक करा. थांबा घ्या. वस्तादाचा थांबा."

आता हा थांबा काय, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या ओवीत एक जण म्होरं गातो आणि मागं झिलकरी असतात. गाणाऱ्यानं ओळ पुरी केली की झिलकरी तिचा शेवट उचलून परत म्हणतात. सगळीकडं हीच रीत. आमच्या गावात मात्र गाणारा ओळ पुरी करीतच नाही. "देव माझा माळाचा, माळावर बसला, पांघरून" इथं येतो आणि थांबतो. गप्प. ढोलही गप्प. मग मागून झिलकरी म्हणतात, "काळी घोंगडी!" ही म्हणे आमच्या मंडळाची खूण. लांबलांबचे लोक म्हणतात, वा, काय थांबा हाय. मी म्हणतो, पांघरून काय? गोधडी का चादर का पोतं? देवाला असं उघडं ठेवून थांबायचं कुठल्या शहाण्यानं शिकवलं? जिंतूरची यष्टीसुद्धा मधी थांबायची तर माणूस बघून थांबते. हे बिनमाणसाचे थांबतात.

कुठल्या शहाण्यानं शिकवलं ते मला ठाऊक आहे. कुणीच नाही.

ज्याला सगळे वस्ताद म्हणतात तो माझा सख्खा चुलता. त्याच्यासारखा गळा मी परत ऐकला नाही, आणि मी कुणाला सहजी चांगलं म्हणत नाही हे गावात विचारून घ्या. मी पोरवयात त्याच्या मेंढरामागं असायचो. माळावर, मोकळ्या वाऱ्यात, तो ओळच्या ओळ एका दमात म्हणायचा. घोंगडीसकट. कुठं थांबा नाही, काही नाही. थांबायचा फक्त जत्रेत. कारण जत्रेत भंडारा उधळतात. हळदीची ती पूड हवेत अशी भरते की समोरचा माणूस पिवळा दिसतो. चुलत्याला दमा होता. पूड छातीत गेली की ओळ मधीच तुटायची, तो दम घ्यायला थांबायचा, आणि झिलकरी बिचारे सांभाळून घ्यायचे. एवढंच. बाकीच्या शिष्यांनी त्याला कुठं ऐकलं? जत्रेत. ते शिकले काय? दमा.

मी एकदा त्याला इचारलं. "तात्या, जत्रंत तुमी मधीच कामून थांबता?"

"अरं, दम लागतो म्हणून," तो म्हणला. "तुला काय वाटलं, देव थांबीवतो?"

"पर समदे तसंच गायलेत."

तो हसला. हसता हसता खोकला. मग म्हणला, "गाऊ दे. खोकायलेबी माझ्यासारखंच का?"

खोकत होते. खोटं सांगत नाही. माझा साडू ओवी सुरू करायच्या आधी दोनदा खोकतो, आणि त्याला जन्मात कधी सर्दी झालेली नाही.

चुलता वारल्यावर मी मंडळात उठून हे सगळं सांगितलं. वाटलं, हसतील, मोकळे होतील. हसलं कुणी नाही. साडू तेव्हा जवान होता, दात होते; तो म्हणला, "वस्तादाच्या गायकीला दमा म्हणायलास? आरं, गुरूची राख तरी गार होऊ दे." दुसरा म्हणला, गुरुनिंदा. तिसरा म्हणला, हा पुतण्या हाय, ह्याला वस्तादाची गादी पायजे. गादी! फाटकी घोंगडी होती एक, ती चुलतीनं कोकराखाली घातली. मला सांगण्यात आलं की एक तर थांबा घ्या, नाहीतर घरी बसा. मी घरी बसलो. माणसानं एवढं तरी करावं.

लोकांना वाटतं, वेगळं गाणारा माणूस वेगळं गायचं ठरवून सुरू करतो. कसलं काय. मीसुद्धा पहिल्यांदा चुलत्यासारखंच गायचो. त्याच्यासारखा कानावर हात, त्याच्यासारखी मान तिरपी. त्यानंच एक दिवस कानावरचा हात काढला. म्हणला, "माझ्यासारखं गायाला मी हाय की. तू कशापायी बेजार व्हायलास?" माझं गाणं मला मेंढरांनी दिलं. कळप ओढ्याच्या दोन्ही अंगाला पांगला की हाळी द्यावी लागते. ही हाळी तुटून चालत नाही. तुटली की मेंढरू समजतं, ह्याचं काम झालं, आणि परत मुंडी खाली घालून चरायला लागतं. शेवटचं लंगडं मेंढरू पाणी ओलांडीपर्यंत आवाज एकसारखा धरावा लागतो. चढवला तर बुजतात, उतरवला तर थांबतात. एक दिवस हाळी देता देता तिच्यात ओवीचे शब्द शिरले. मला कळलं तेव्हा ओळ संपत आली होती, आणि ती अशी संपली की आवाज टाकावा लागला नाही. ठेवता आला. भरलेली घागर जशी पाणी न हिंदकळता खाली ठेवतात, तसा. त्या दिवशी मेंढरं सगळी आली, आणि मी कुणाचा शिष्य राहिलो नाही.

मग मी तसाच गायलो. बारशाला, जावळाला, ज्यानं बोलावलं त्याच्या दारात. चारठाण्याच्या बाजारात एकदा मेंढरं इकायला बसलो असताना गायलो तर खाटकानं सुरी खाली ठेवली. पण झिलकरी माझ्यामागं कुणी बसेना. ओळ पुरी होऊन अशी बसायची की उचलायला शेपूटच राहायचं नाही. बायको म्हणायची, "तुमच्या गाण्यात माणसाला शिरायला जागाच न्हाई. मेंढराच्या वाड्याला तरी फाटक ठेवता." मी म्हणायचो, लांडगा शिरतो म्हणून गाण्याला ठेवीत नाही.

मधी जिंतूरला लोककलावंतांचं शिबिर झालं. न्यायला जीप आली म्हणून गेलो, नाहीतर गेलो नसतो. तिथं गुडघ्यापर्यंत झब्बा घातलेला एक जण स्टेजवर उभा राहून म्हणाला, "प्रत्येकानं स्वतःची शैली घडवली पाहिजे. आता सगळ्यांनी माझ्यामागून म्हणा." आणि हॉलभर माणसं त्याच्यामागून म्हणायला लागली. एका सुरात. मी गप्प. तो खाली वाकून म्हणाला, "बाबा, तुम्ही म्हणत नाही?" मी म्हणलं, "घडवायलोय." जेवण मात्र चांगलं होतं.

तर साडू दात हातात धरून ओट्यावर बसला होता, आणि मला आत कुठंतरी लय गोड वाटत होतं. चाळीस वर्षांनी आले ना शेवटी! पण एक गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. मागच्या पावसाळ्यापासून मला दम पुरेना झाला होता. दमा नव्हे. म्हातारपण. हाळी ओढ्याच्या मधोमध तुटायची आणि मेंढरं पाण्यात उभी राहून माझ्याकडं बघायची, नंतर काय, असं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती.

"येतो," मी साडूला म्हणलं. "पर थांबा घेणार न्हाई. घोंगडीपर्यंत एका दमात. पटत असंल तर बगा."

त्यानं दात तोंडात बसवले, विचार केला, परत काढले. "या तर तुमी. झिलकरी मागं बसवून ठेवतो. लागले तर लागले."

"लागणार न्हाईत."

तो गेल्यावर बायको आतून म्हणली, "अवो, व्हय कशाला म्हणलाव? मधीच तुटलं तर?"

"तुटत न्हाई."

"कवापासून?"

मी चपला घातल्या आणि माळावर गेलो.

जत्रेपर्यंत रोज माळावर जाऊन ती एक ओळ म्हणून बघितली. सकाळच्या गारव्यात घोंगडीपर्यंत पोचायची, कशीबशी, पण शेवटाला घागर ठेवल्यासारखी नाही, टाकल्यासारखी. उन्हं चढली की "पांघरून"पाशीच पाय घसरायचा. मी मुलुखाचा हट्टी. म्हणलं, त्या दिवशी माणसं बघून येईल दम. गळ्यालाही लाज असते.

जत्रेच्या दिवशी उन्हं कलली, पालखी देवळासमोर आली. मी पिवळा फेटा बांधला, खांद्यावर घोंगडी टाकली आणि ढोलासमोर उभा राहिलो. कानावर हात ठेवला नाही. मला ऐकू येतं. मागं झिलकरी बसलेले, साडू त्यांच्यात, दात तोंडात, ओठ गच्च. खालच्या गावाचे लोक आपली इकोची पेटी उघडून तयार होते. मान पडला की लगेच उचलायला. समोर माणसंच माणसं, अर्ध्यांच्या हातात मोबाइल. ढोल सुरू झाला. मी खालून सूर घेतला.

"देव माझा माळाचा." आला, सरळ आला. "माळावर बसला." हा तर चांगलाच आला. कुणीतरी मुठीनं भंडारा उधळला. "पांघरून"

आणि नाही. छाती रिकामी. पुढचे दोन शब्द समोर दिसत होते, आणि त्यांना उचलायला आत वारा नव्हता. ढोलकऱ्याला वाटलं ठरलेलंच आहे. त्यानं हात वर धरला. सगळं गप्प. मी आयुष्यात एवढं मोठं गप्प ऐकलं नाही. मग मागून, सगळे मिळून, गळा फोडून: "काळी घोंगडी!"

"बिरोबाच्या नावानं चांगभलं!" असा गलका उठला की पालखीवाल्यांचे खांदे हलले. भंडाऱ्याचा पाऊस. मी दुसऱ्या ओळीला जिद्द धरली. तीही तिथंच तुटली. तिसरी तशीच. झिलकरी दरवेळी टपून बसलेले, एक शब्द सांडू दिला नाही त्यांनी. मी मधीच सोडून निघून जाऊ शकत होतो. पण मग मान गेला असता, आणि तो त्या पेटीत पडलेला मला बघवला नसता. म्हणून ओवी शेवटापर्यंत नेली. पालखी उठली. मान राहिला.

साडू मला येऊन मिठीच मारायला लागला. रडत होता. "शेवटी घेतलाव थांबा! शेवटी वस्तादाच्या वाटंवर आलाव!" एवढं म्हणेस्तोवर दात खाली आले, ते त्यानं ओंजळीत झेलले. ज्यांनी चाळीस वर्षं माझं एक अक्षर ऐकलं नाही ते पाया पडायला लागले. म्हणे, काय थांबलाव बाबा, वस्तादच उभा राहिल्यासारखा वाटला. म्हणे, आतापर्यंत जपून ठिवलं होतं व्हय? खालच्या गावाचा तो डोळेमिट्या गाणारा पुढं आला, मोबाइलवर मलाच माझं ऐकवायला लागला, आणि म्हणला, "बाबा, हा थांबा आमाला शिकवा."

"म्हातारा हो," मी म्हणलं. "आपोआप येतो."

तो हसला. त्याला वाटलं नम्रता. नम्रता माझ्या घराण्यात कुणाला झालेली नाही.

भंडारा छातीत गेला म्हणून थांबलो, असं म्हणायची सोय होती. चुलत्याच्या बाबतीत ते खरं होतं, माझ्या बाबतीत नव्हतं, म्हणून मी म्हणलो नाही. पण मी थांबलो नव्हतो, तुटलो होतो. वाटेत पाय घसरून माणूस पडला तर त्याला नाच म्हणत नाहीत. ह्यांनी म्हणला. एकदा चुलत्याच्या बाबतीत म्हणला, आता माझ्या बाबतीत. आणि मी जिवंत असेपर्यंत दर चैत्रात हे लोक मला त्या "पांघरून"पाशी आणून उभं करणार, आणि पडलो की चांगभलं करणार, हे मला देवळापासून घरापर्यंत चालता चालता स्पष्ट दिसलं.

घरी बायको चूल पेटवीत होती.

"लय चांगलं झालं म्हणायलेत," ती म्हणली.

"कोण?"

"समदे."

"समद्यांना काय कळतंय."

"त्या झिलकऱ्यांना तरी एकदाचं काम भेटलं," ती म्हणली. "किती खुशीत ओरडायले होते. मला हितवर आलं ऐकू."

मी जेवलो नाही. ती दोनदा वाढू का म्हणली, तिसऱ्यांदा नाही म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी कातर दगडावर घासली. मेंढरं कातरायची राहिलीच होती, ऊन वाढलं होतं. थोरली मेंढी धरून आणली, अंगणात आडवी घेतली, पाय बांधले आणि पोटाकडून कातरायला लागलो. हात चालला की मला गप्प बसवत नाही. ओवी काढली. "देव माझा माळाचा, माळावर बसला." आणि संपवली. तिथंच. माझा दम जिथं संपत होता त्याच्या बोटभर आधी ओळ संपवली, आणि तिचा शेवट घागर ठेवावी तसा ठेवला. पाणी हिंदकळलं नाही. देवाला घोंगडी नसली तर नसू दे, चैत्र आहे. ज्या ओळीला शेपूटच नाही तिच्यात ही माणसं थांबा कुठून घुसवतील? दुसरी ओळ घेतली, तिचंही मागचं कातरलं. तिसरीचं कातरलं. मेंढी एका अंगानं उघडी होईपर्यंत अख्खी ओवी कातरून झाली, आणि ती माझी होती. चुलत्याची नव्हती, मंडळाची नव्हती, आणि कालच्या त्या म्हाताऱ्याचीही नव्हती.

मग पहिल्यापासून परत धरली, बघावं म्हणून.

"देव माझा माळाचा, माळावर बसला."

"पांघरून काळी घोंगडी," चुलीकडून बायको म्हणली. भाकर थापता थापता, वर न बघता.

मी कातर थांबवली. "तुला कोण म्हणलं मधी बोलायला?"

"पडलं होतं," ती म्हणली. "उचललं."

मी मेंढी कुशीवर फिरवली आणि दुसरं अंग कातरायला घेतलं.